नेरळची छोटी गाडी आणि फोटोंची कोरी पाठ

रेल्वेच्या इंजिनाला पितळेची पाटी असते. कारखान्याचे नाव, क्रमांक, साल, सगळे तिच्यावर असते. इंजिन भंगारात निघाले तरी कोणीतरी हौशी माणूस ती पाटी पुसून, घासून जपून ठेवतो. त्याच इंजिनात फावड्याने कोळसा घालणाऱ्याला, सांधा बदलणाऱ्याला, सिग्नलचा दिवा लावायला शिडीवर चढणाऱ्याला मात्र पाटी नसते. त्याच्या वाट्याला कधीतरी एखादा फोटो येतो. तो फोटो उलटून पाहावा, तर पाठ कोरी.

आम्ही सातजण अशा जुन्या फोटोंचे वेडे. एकजण भुसावळचा, वडील केबिनमध्ये लिव्हर ओढायचे. एकजण कुर्डुवाडीचा, बार्शी लाईट रेल्वेच्या वर्कशॉपशेजारी वाढलेला. मिरजेच्या एक आपा आहेत, शाळेत शिकवतात. त्यांचे दादा इंजिनावर फायरमन होते. बाकीचे मुंबई-कल्याणकडचे. वर्षातून एकदा आपापले फोटो घेऊन एखाद्या स्टेशनाच्या गावी जमायचे, फोटो मांडायचे, ज्या जागेवर ते काढले त्या जागा शोधायच्या, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना दाखवायचे, हा आमचा रिवाज. गेल्या हिवाळ्यात आम्ही नेरळला जमलो आणि तिथून छोट्या गाडीने माथेरानला गेलो.

नेरळ निवडण्याला कारण होते. इथे दोन रेल्वे शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक मुंबई-पुणे मुख्य मार्ग, साडेपाच फूट रुंदीचा. दुसरी माथेरानची, रुळांत फक्त दोन फूट अंतर. पहिल्या मार्गाचे आमच्याकडे सिग्नलचे फोटो जास्त, दुसऱ्याचे इंजिनांचे. शिवाय माथेरानच्या गाडीशी एका मुस्लिम घराण्याचे नाव जोडलेले आहे, आणि आपल्याच घरांतल्या मुलांना ते ठाऊक नसते.

ते घराणे सर आदमजी पीरभॉय यांचे. काठियावाडातून मुंबईत आलेले हे दाऊदी बोहरा व्यापारी. लष्कराला तंबू आणि बूट पुरवण्याच्या कामात त्यांनी मोठी दौलत कमावली आणि चर्नी रोडच्या सॅनेटोरियमसारख्या कामांत ती मोकळ्या हाताने खर्चही केली. नेरळला उतरल्यावर डोंगरावर जायला वाहन मिळाले नाही, म्हणून त्यांनी ‘इथे रेल्वे बांधीन’ असे ठरवले, असा किस्सा सांगतात. किस्सा कसाही असो, रेल्वे मात्र खरी आहे. पैसा आदमजींचा आणि मेहनत त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये. सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी आपली बार्शी लाईट रेल्वे उभी केली तेच. हे ऐकून आमच्या कुर्डुवाडीच्या दोस्ताची छाती फुगली, आणि त्या दिवशी पहिला चहा त्यानेच पाजला.

नेरळमध्ये एका ओळखीच्या घरी ओसरीवर सतरंजी अंथरली आणि फोटो मांडले. आधी भुसावळचे पाकीट उघडले. त्यात हाताच्या सिग्नलचे फोटो होते. आता सगळीकडे रंगीत दिव्यांचे सिग्नल आले. पण ‘सिग्नल पडला’ हा शब्द आपण अजून वापरतो. तो आला कुठून, हे त्या फोटोत दिसते. उंच खांबावर लाल हात आडवा असेल तर थांबा. हात खाली पडला की गाडीला रस्ता मोकळा. रात्री त्याच हाताला जोडलेली लाल-हिरवी काच रॉकेलच्या दिव्यापुढे यायची. ज्या हाताचे टोक माशाच्या शेपटीसारखे कापलेले, तो वॉर्नर. पुढे काय आहे याची खबर तो आधीच द्यायचा.

घरातली मुले भोवती गोळा झाली होती. त्यांतल्या एका मुलीने विचारले, “तार तुटली तर?” प्रश्न अगदी मोक्याचा होता. केबिनमधला लिव्हर आणि दूरवरचा सिग्नल यांना जोडणारी तार रुळांच्या कडेने छोट्या चाकांवरून जायची. ती तुटली तर सिग्नलचा हात वजनाच्या जोराने आपोआप आडवा व्हायचा, म्हणजे गाडी थांबायची. बिघाड झाला तर नुकसान वेळेचे व्हावे, जिवाचे नको, असा त्या मांडणीचा हिशेब. केबिनमधल्या लिव्हरांचेही तसेच. एका गाडीला रस्ता दिला की तिच्या आड येणारे दुसरे लिव्हर खालच्या लोखंडी पट्ट्यांमुळे अडकून बसायचे. केबिनमनने जोर लावला तरी हलायचे नाहीत.

पुढचा फोटो एकेरी मार्गावरचा होता. ड्रायव्हरने इंजिनातून हात बाहेर काढला आहे आणि खाली उभा माणूस वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली चामड्याची पिशवी वर धरून आहे. पिशवीत पोलादी गोळा. दोन स्टेशनांच्या यंत्रांतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघायचा. ज्याच्याकडे गोळा, त्याचीच गाडी त्या मार्गावर. पुढच्या स्टेशनावर तो यंत्रात परत घातल्याशिवाय दुसरा निघत नसे. आमच्या भुसावळच्या दोस्ताचे वडील घरी म्हणायचे, “गोळा म्हणजे अमानत. ज्याची त्याला पोचवली की सुटलो.” जुन्या फोटोंबाबत आम्ही जे काही नियम पाळतो ते या एका वाक्यातून निघाले, असे म्हटले तरी चालेल.

तारीख नसलेल्या फोटोचे वय काढायच्या काही खुणा असतात. इंजिनावर किंवा डब्यावर जी.आय.पी. ही अक्षरे असतील तर फोटो बहुधा जुना, कारण ५ नोव्हेंबर १९५१ पासून तो मार्ग मध्य रेल्वेत गेला. डब्यावर तिसऱ्या वर्गाची खूण असेल तर १९७४ च्या आधीचा. कल्याणकडून पुण्याच्या मार्गावर वर विजेच्या तारा दिसल्या तर १९२९ च्या अलीकडचा. आपा मुलांना म्हणाल्या, “बेटा, फोटोत मधला माणूस सगळे बघतात. तुम्ही कोपरे बघायला शिका.”

मग माथेरानचे फोटो निघाले. या मार्गासाठी जर्मनीच्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्यातून चार छोटी इंजिने आली होती. ७३८ ते ७४१ हे त्यांचे क्रमांक. वाफेची ही इंजिने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राबली. ७३८ आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, ७४० इंग्लंडला गेले, आणि ७४१ नेरळलाच शोभेला उभे आहे. आम्ही हातात फोटो घेऊन त्याच्याभोवती फिरलो. चाके चौकटीच्या आत आणि चाकांना फिरवणारे दांडे बाहेर, ही त्याची ओळख. त्याची खरी कारागिरी आत लपलेली आहे. पुढचा आणि मागचा आस पोकळ नळीसारखा असून खरा आस त्या नळीच्या आत आहे. त्यामुळे वळणावर चाकांची जोडी थोडी सरकते आणि गाडी रूळ न सोडता वळते. ही सोय नसती, तर सहा चाकांचे ताठ इंजिन या घाटात चाललेच नसते.

आमच्याकडच्या फोटोंपैकी एक आम्हाला दोन वर्षे छळत होता. याच जातीचे इंजिन, त्याच्यापुढे पाचजण उभे, मागे झाडी. इंजिनाचा क्रमांक वाचता येतो. माणसांचे नाव एकाचेही नाही. तो आम्हाला एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाला होता. आपल्याकडच्या वाफेच्या गाड्या बघायला परदेशांतले शौकीन यायचे, त्यांनी काढलेले फोटोही आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. इंजिनाचा क्रमांक, दिवस, गाव सगळे नीट लिहिलेले. त्यांचे आपल्यावर उपकारच आहेत, कारण आपण तेवढेही लिहिले नाही. पण माणसांची नावे त्यांनी लिहावीत कशी? ती आपल्यालाच ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसलो. सुमारे २० किलोमीटरचा हा रस्ता, पण गाडी दोन-अडीच तास घेते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर माथेरान आहे, आणि सर्वांत खड्या चढावर दर २० फुटांना रूळ एक फूट वर चढतात. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि माथेरान, अशी मोजकीच स्टेशने. नेरळ मागे पडले की रस्ता नालेसारखा वळतो. मघाशी डावीकडे असलेले गाव उजवीकडे दिसू लागते. डबे इतके अरुंद की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात. घरून आणलेला डबा उघडला की सगळ्या डब्याला वास जातो. आपांनी आणलेले शामी कबाब जुम्मापट्टीच्या आधीच संपले.

जुम्मापट्टीला फोटो बाहेर काढले. एका फोटोत दोन डब्यांच्या मधल्या जागेत माणसे बसलेली दिसतात. गाडीत जागा नाही म्हणून बाहेर बसलेले प्रवासी, असे बघणाऱ्याला वाटेल. ते ब्रेकवाले. उतारावर एकट्या इंजिनाच्या ब्रेकवर गाडी सोडता येत नसे, म्हणून डब्याडब्यावर माणूस बसायचा. ड्रायव्हरने शिटी दिली की सगळ्यांनी हाताने ब्रेक आवळायचे, दुसरी खूण आली की सैल करायचे. मुख्य मार्गावर खांबावरचा लाल हात जे काम करी ते इथे शिटी आणि कान करीत. शेकडो कुटुंबे हसत-खेळत खाली उतरली ती या माणसांच्या मनगटांच्या भरवशावर.

वॉटर पाईपला गाडी थांबली. वाफेच्या दिवसांत इंजिन इथे पाणी प्यायचे, ते नावातच आहे. पाचजणांचा तो फोटो इथलाच असावा असा आमचा अंदाज होता. फोटो डोळ्यांसमोर धरून आम्ही मागे-पुढे सरकलो. डोंगराची कड जुळली. झाडे मात्र जुळेनात. तेव्हाची लहान आता मोठी, तेव्हाची मोठी आता नाहीत. जागा ठरली. आम्ही पेन्सिलीने पाठीवर लिहिले, ‘जागा: वॉटर पाईप, डोंगराच्या कडेवरून.’ त्या पाठीवरचा तो पहिला शब्द.

वर अमन लॉजपासून पुढे माथेरानची लाल माती लागते. दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला मज्जाव असल्यामुळे धूळ असते ती घोड्यांच्या टापांची. जोहरची नमाज पढून बाजारातून फिरलो, दोन-तीन जुन्या दुकानदारांना फोटो दाखवले. एकाने पाहून सांगितले, “वर कोणी सांगणार नाही. खाली नेरळला जा, चाचांकडे.”

संध्याकाळी खाली आलो आणि चाचांच्या घरी गेलो. वय ८० च्या पुढे. तरुणपणी ते नेरळच्या लोकोशेडमध्ये खलाशी होते. त्यांच्या सुनेने चष्मा आणून दिला, खिडकी उघडली. चाचांनी इंजिनाकडे पाहिलेच नाही. बोट सरळ डावीकडून तिसऱ्यावर ठेवले. “हा असाच उभा राहायचा, उजवा खांदा पुढे टाकून. कोळशाच्या फावड्याने खांदा तसा झाला होता.” मग नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, राहण्याचे ठिकाण सांगितले. दुसऱ्यालाही ओळखले. चौथ्यावर ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “असेल, पण कसम खाणार नाही.” पहिला आणि पाचवा त्यांच्या आधीच्या काळातले निघाले.

आम्ही दोन नावे लिहिली, चौथ्यापुढे चाचांचा अंदाज प्रश्नचिन्हासह लिहिला, दोन जागा मोकळ्या सोडल्या. चाचा बघत होते. म्हणाले, “पाच वर्षांपूर्वी आला असतात तर पाचही मिळाले असते. आमच्यात एकजण होता, त्याला सगळे पाठ होते.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आम्ही मनात हिशेब केला. वाफेच्या शेवटच्या दिवसांत विशीत असलेला माणूस आज पासष्टीच्या आसपास आहे. १९५० च्या दशकातला फोटो ओळखणारा नव्वदीचा हवा. हे काम अजून दहा वर्षांनी करू म्हटले, तर विचारायचे कोणाला?

तिसऱ्या माणसाची नात नेरळलाच राहते, असे चाचांकडून कळले. निरोप पाठवून, परवानगी घेऊन आम्ही गेलो. त्यांचे घर पूर्वी बदलापूरला होते. २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी छतापर्यंत चढले. त्याच पावसाने माथेरानची रेल्वेही ठिकठिकाणी वाहून गेली. ती २००७ मध्ये, शंभरी भरता भरता पुन्हा सुरू झाली. घराची ट्रंक मात्र पुन्हा भरली नाही. आजोबांचा एकुलता एक फोटो त्यात होता, निवृत्तीच्या वेळचा. पाणी ओसरल्यावर सगळे फोटो एकमेकांना चिकटून वाळले होते, आणि ओढून काढताना चेहरे निघून गेले.

भाभींनी आमचा फोटो हातात घेतला. आधी त्यांना ओळख पटेना. त्यांनी आजोबांना पांढऱ्या दाढीत पाहिले होते, आणि हा तर पंचविशीचा काळाभोर तरुण. मग त्यांनी धाकट्या मुलाला हाक मारली, दिव्याखाली उभे केले आणि फोटो त्याच्या कानाशेजारी धरला. कान तेच होते. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “अम्मी असती तर...” आणि आत चहा ठेवायला गेल्या.

आमच्याकडे त्याच पाकिटातला आणखी एक फोटो होता: रेल्वेचे क्वार्टर, दारात काही बायका उभ्या. भाभींनी त्यात आपल्या आजीला ओळखले. तो फोटो कुठे छापू नये, कोणाला पाठवू नये, असे त्यांनी सांगितले. आम्ही तो त्यांच्या हवाली केला आणि आमच्याजवळची नक्कलही पुसून टाकली. पाचजणांच्या फोटोची मोठी प्रत करून दिली. नावे आमच्या वहीत आहेत, फोटोच्या पाठीवर आहेत. या लेखात देत नाही, कारण तशी परवानगी आम्ही मागितलेली नाही. शौकिनांमध्ये फोटो हातोहात फिरतो, आणि फिरायलाही हवा. पण त्यातला माणूस कोणाचा तरी बाप, कोणाची तरी आई असते. ज्याचा फोटो आहे त्याला विचारून पुढे द्यायचा, एवढे तरी आपण पाळावे.

वाचक बंधू-भगिनींनो, भुसावळ, मनमाड, इगतपुरी, कल्याण, दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर, मिरज या गावांत आपली कितीतरी घरे रेल्वेच्या नोकरीवर उभी राहिली. त्या घरांच्या कपाटांत असे फोटो नक्की असतील. आमची विनंती एवढीच की ते बाहेर काढा. मूळ फोटो घराबाहेर देऊ नका; घरीच मोबाईलवर दिवसाच्या उजेडात नक्कल घ्या, पुढची बाजू आणि पाठ दोन्ही. कडा कापू नका, कारण कोपऱ्यातला सिग्नल किंवा अर्धवट पाटीच पुढे गाव सांगते. नावे मऊ पेन्सिलीने पाठीवर, कडेला लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधून आणि प्लास्टिक चढवण्यापासून फोटोंना वाचवा. कोकणच्या दमट हवेत ते भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. पाण्यात भिजले तर चिकटून वाळू देऊ नका. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात अलगद सुटे करा आणि सावलीत पसरा. खात्रीचे नाव खात्रीने लिहा, अंदाजापुढे प्रश्नचिन्ह करा, आणि कोणी सांगितले तेही लिहा.

ईदच्या दिवशी सगळे घर एकत्र असते. शीरखुर्मा झाल्यावर दादा-दादींच्या हातात फोटो द्या आणि मुलांना पेन्सिल घेऊन शेजारी बसवा. आमच्या फोटोवर पहिला आणि पाचवा अजून बिननावाचे आहेत. चाचांनी आम्हाला कर्जतच्या एका बुजुर्गांचा पत्ता दिला आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही तिकडे जात आहोत.